मीडियम वेव्हवरचे सासरेबुवा

लेकीच्या घरी फुकट बसून खाणार नाही, ही माझ्या सासरेबुवांची अट. सासूबाई गेल्यावर ते दरवर्षी तीन महिने जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्याकडे येऊ लागले, ते या अटीवरच. मग काम कोणतं घेतलं? तर आम्हाला सकाळी उठवायचं. बायको आणि मी, दोघंही मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोघांच्या मोबाइलमध्ये पाच-पाच गजर. पण सासरेबुवांचा गजरावर काडीचा विश्वास नाही. वेळ सांगावी ती रेडिओनं. सांगलीत त्यांनी जन्मभर रेडिओवरच घड्याळ लावलं होतं.

तिकडून आणलेला त्यांचा ट्रान्झिस्टर फक्त मीडियम वेव्ह पकडायचा. त्यावर त्यांना जवळपासचं एक स्टेशन सापडलं. आधी अकॉर्डियनवर जुनी जर्मन गाणी, मग टूं टूं करून सहाचे ठोके. ठोके पडले की आमचं दार वाजायचं. "जावईबापू, सहा वाजले!" रविवारीसुद्धा. मी मनातल्या मनात त्यांचं परतीचं तिकीट काढायचो.

दुसऱ्या वर्षी आले, तर गाणी गायब. स्टेशनवर आता नुसत्या बातम्या, त्याही दर पंधरा मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी ठोके. झालं! सहाला दार, सव्वासहाला दार, आणि मी अंघोळीला गेलो तर साडेसहाला बाथरूमचं दार.

"बाबा, मी उठलोय हो!"

"ते दिसतंय. पण ठोके पडले ना."

तिसऱ्या वर्षी तिथे पुढाऱ्यांची भाषणं लागली. भाषण लांबलं की ठोके राहून जायचे आणि सासरेबुवा ट्रान्झिस्टरवर खेकसायचे, "अहो, आवरा आता! पोरांना ऑफिस आहे!"

चौथ्या वर्षी मात्र एक बाई सकाळपासून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. सासरेबुवा कान लावून ठोक्यांची वाट बघत बसले. बायकोनं ऐकलं आणि सांगितलं, "बाबा, मीडियम वेव्ह बंद करतायत. नवीन रेडिओ घ्या म्हणतेय ती."

मी म्हटलं, संध्याकाळीच आणतो.

"नको. माझ्यासाठी उगाच कशाला? तुमचे मोबाइल आहेतच की." एवढंच बोलून त्यांनी बॅग काढली आणि सदरे घड्या घालून भरायला घेतले. येऊन जेमतेम आठवडा झाला होता. चार वर्षं ज्या माणसाच्या नावानं मी बोटं मोडली, तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

झोपण्याआधी मी दोन्ही मोबाइलचे सगळे गजर बंद केले.

सकाळी सहा वाजले, सात वाजले. बायको मला हलवत होती, "अरे, आठला तुझी मीटिंग आहे ना?" मी डोळे गच्च मिटून पडून राहिलो. पावणेआठला बाहेर सपातांचा आवाज झाला आणि दारावर दणादण थापा पडल्या.

"अहो जावईबापू! पावणेआठ! कुठे गेले ते तुमचे मोबाइल?"

मी डोळे चोळत दार उघडलं. म्हणालो, "बाबा, तुम्ही नसता तर आज माझं काही खरं नव्हतं."

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. मी पाचपासून टक्क जागा होतो, ते त्यांना कळलं की काय कोण जाणे. ते खोलीत गेले आणि बॅगेतले सदरे काढून पुन्हा कपाटात लावू लागले.