पाहुणे बसले नाहीत

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांवर मी त्या दिवशी चिडले, ती अजून चिडलेलीच आहे. माणूस वाईट नाही हो. म्हणूनच जास्त राग येतो.

पूर्णेला पूर आला होता. नदीकाठची खालची वस्ती पाण्यात गेली आणि तिथली माणसं उंचावरच्या गावात आसऱ्याला आली. त्या गावालाही चहूबाजूंनी पाण्यानं वेढलं होतं, पार बेट झालं होतं त्याचं. आम्ही चर्चमधली काही मंडळी अमरावतीहून निघालो, वलगाव मागं टाकलं आणि शेवटचा टप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्यानं काढला. सोबत ब्लँकेटं, बिस्किटं, औषधं आणि एक भलामोठा बॅनर. बॅनर भिजू नये म्हणून दोघांनी तो डोक्यावर धरला होता. औषधांचा खोका मात्र भिजला. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

शाळेच्या पटांगणात वाटप झालं, प्रार्थना झाली, फोटो तर विचारूच नका. मग खालच्या वस्तीतली एक बाई, माझ्याच वयाची, मला हाताला धरून शाळेमागं घेऊन गेली. तिथं चुलीवर वांग्याच्या भाजीचा मोठा गंज रटरटत होता. शेजारी भाकरींची चळत.

"इतके दिवस वरच्या गावानं आमाले जेवू घातलं," ती म्हणाली. "आज आमी रांधलं. सारं गाव पंगतीले बसतो म्हणते." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आमच्या हातचं हे लोक पयल्यांदा खाऊन राह्यले, ताई. म्हातारे अजून का-कू करून राह्यले. पण पाहुणे बसले का तेबी बसतीन."

आपल्या वऱ्हाडात बाहेरगावचा पाहुणा पहिल्या पंगतीला बसतो, त्याच्या मागून गाव. तिनं सगळा हिशोब आमच्यावर मांडला होता. पिढ्यानपिढ्या जे झालं नव्हतं ते त्या दुपारी होणार होतं, आणि आम्हाला फक्त बूड टेकायचं होतं.

मी धावत पटांगणात आले. तोवर तिच्या घरच्यांनी पाळकसाहेबांना बोलावणं केलंही होतं आणि साहेब हात जोडून हसत होते. "नको, नको! आम्ही द्यायला आलोय, घ्यायला नाही. पूरग्रस्तांच्या तोंडचा घास काढायचा का?" आमची मंडळी ट्रॉलीत चढून पुरीभाजीची पाकिटं उघडूनही बसली होती. सगळ्या गावासमोर! लाज कशी नाही वाटली?

अंथरलेल्या पट्ट्यांशी वरच्या गावातली माणसं उभी होती. एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. "पाहुणेच नाही बसून राह्यले, मंग आमचं काय?" दुसऱ्याला एकदम म्हशीची धार काढायची आठवली. अरे, भर दुपारी कोण धार काढतं? तिसऱ्याचं पोट बिघडलं. बघता बघता पट्ट्या रिकाम्या झाल्या. ती बाई हातात भाकरीची टोपली घेऊन सगळं बघत होती.

माझे आजोबा ह्याच भागातले. त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. एकदा मिशनचे लोक आले आणि त्यांच्या दारात, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले. बस, एवढ्यावर आमचं घर ख्रिस्ती झालं. कुणाचं प्रवचन ऐकून नाही. ही गोष्ट आमच्या घरात शुभवर्तमानाइतकी वेळा सांगितली गेली आहे. आणि आज तेच आम्ही, पाकिटातल्या पुऱ्या!

मी ट्रॉलीपाशी जाऊन सगळ्यांदेखत ओरडले. "उतरा खाली! तुमच्यामुळं गाव उठून गेलं. प्रभू कुणाच्याही घरी जेवला, आणि तुम्हाला इथं बसवत नाही?" आजोबांचंही सांगितलं. आवाज फाटला माझा, फाटू दे.

साहेबांचा चेहरा पडला. खरं सांगते, त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. विचारलं कुठं होतं कुणी? ते उतरले, हात धुतले आणि पट्टीवर येऊन बसले. मागोमाग आम्ही सगळे. वरच्या गावातलं कुणी परत आलं नाही. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले.

बाईनं वाढलं. साहेब म्हणाले, "भाजी फार छान झालीये, बाई." आणि दुसरी भाकरी नको म्हणून त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

तिनं तो हात बाजूला केला आणि भाकरी वाढली.

"घ्या ना साहेब, पोटभर घ्या. साऱ्या गावाचं रांधलं होतं. आता काई कमी नाही पडत."