गाठी मारलेल्या चिंध्या

चाचा गेल्याचं चाचींनी सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होते आणि चाचांनीच दिलेला जबडा माझ्यासमोर होता. रडू येण्याआधी मला भीती वाटली... आता विचारायचं कोणाला? हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

करीमचाचा गेवराईचे ट्रॅक्टर मिस्त्री. आमचा ट्रॅक्टर त्यांच्याकडेच जायचा. गोदावरीच्या वाळूत दगड झालेली जुनी हाडं सापडतात. नदीकाठी गाड्या दुरुस्त करता करता चाचा ती वेचायचे. मी जीवाश्मांचा अभ्यास करते हे कळल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी पुढे सरकवली. ग्रीसने काळ्या झालेल्या चिंध्यांत हाडं बांधलेली होती. मी ती घरी नेली, धुतली, चिंध्या कचऱ्यात टाकल्या आणि प्रत्येक हाडावर इंग्रजीत सुबक नंबर घातला.

पुढच्या भेटीत चाचांनी विचारलं, "चिंध्या कुटं हायत, बेटा?"

मी सांगितलं. ते हसले. इंजिन खोललं की एका जागचे नट-बोल्ट एका चिंधीत, आणि जागेप्रमाणे गाठी कमीजास्त, अशी त्यांची रीत. हाडांनाही तीच: नदीच्या एका जागची हाडं एका चिंधीत. "नट बसला म्हणून त्या इंजिनाचा होत न्हाई. जाऊ दे, मला समदं याद हाय. तू फकस्त विचार."

मी विचारलं नाही. आज फोन करू, उद्या करू... आपली चूक पुन्हा निघेल, याचीच धास्ती.

जबड्यातला एक दात सुटा होता, पण खाचेत बसत होता. तो त्याच जबड्याचा असेल, तर हा कुठेच नोंद नसलेला प्राणी. नसेल, तर दोन ओळखीच्या प्राण्यांचे तुकडे. चाचा गेल्यावर माझ्या मार्गदर्शक मॅडम हळूच म्हणाल्या, "नव्या प्राण्याला त्यांचंच नाव देऊ." एकदा छापलेलं नाव चुकीचं ठरलं, तरी पुसलं जात नाही. पुढचे अभ्यासक ते चूक म्हणून सांगत राहतात. चाचांचं नाव असं राहिलं तर?

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाला गेवराईला गेले. चाची म्हणाल्या, "तुझ्या फोनची लई वाट बघायचे. म्हनायचे, पोरगी भितीय मला. मी काय खातो का तिला?" आणि फळीवरचं एक पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे तुझ्यासाठी ठिवलतं."

मी गॅरेजच्या मागे गेले आणि मॅडमना फोन लावला. चिंध्यांचं सगळं सांगितलं. "दात कोणाचा, ते आता कळणार नाही. नाव द्यायला नको."

मॅडम म्हणाल्या, "मग लेबलवर काय लिहिशील?"

"जबडा, एक. सुटा दात, एक."

पुडकं आता माझ्या टेबलावर आहे. काळी चिंधी, तीन गाठी. तीन म्हणजे नदीची कुठली जागा, मला माहीत नाही. रोज हात धुऊन त्याच्यासमोर बसते... गाठ अजून सोडलेली नाही.