लिलींच्या रांगेतला डेंगळा

भीमराज पगारे सरांना आमच्या सोसायटीत कोणी वाईट म्हणत नाही, कारण त्यांनी आधीच सगळ्यांना वाईट म्हणून ठेवलेलं आहे. सोसायटीचं नाव निसर्गछाया, मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आत. यातला निसर्ग शेजारच्या टॉवरने खाल्ला आणि छाया तेवढी आमच्यासाठी ठेवली. त्या छायेत कुंड्या जगवून आम्ही दरवर्षी पाडव्यानंतरच्या एका रविवारी पुष्पमेळावा भरवतो. मेळाव्याचे परीक्षक पगारे सर.

सर एका उपनगरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या तुच्छतेला सरकारमान्य अशी ही एकच खुर्ची उरली. एरवी ते नुसते तिरसट ठरत, मेळाव्यात परीक्षक ठरत. पद्धत अशी, की कुंडीपुढे उभं राहायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि मालकाकडे न बघता कुंडीशी बोलायचं. मनीप्लांटला म्हणाले, ज्याने तुझं नाव ठेवलं त्याला झाड नकोच होतं. माझ्या चिनी गुलाबाला म्हणाले, तुझ्यात चीनचाही अपमान आहे आणि गुलाबाचाही. सरांनी माझ्या कुंडीवर एवढं मोठं वाक्य खर्च केलं म्हणून मी आठवडाभर मिरवत होतो. आमच्याकडे कौतुकाची टंचाई ही अशी आहे.

माणसाचं कूळ विचारलेलं सरांना खपत नाही. ते निफाडकडचे, बौद्ध. मुंबईत पहिली खोली शोधताना तो प्रश्न त्यांनी पोटभर ऐकून घेतला होता. झाडाचं कूळ मात्र विचारल्याशिवाय ते झाडाच्या सावलीतही थांबत नसत. हा गुण आईकडून आलेला. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोलटी दुसरीकडे, जोडकांदा तिसरीकडे, आणि ज्याला डेंगळा आला, म्हणजे फुलाचा दांडा फुटला, तो सरळ बाहेर. डेंगळा आलेला कांदा आतून पोकळ होतो, टिकत नाही, त्याला बाजारात कोणी हात लावत नाही. सरांनी आईचंच काम पुढे चालवलं, फक्त लॅटिनमध्ये.

गेल्या वर्षी सरांनी घोटाळा केला. प्रमुख पाहुण्यांना दिलेला गुच्छ पाहून ते माईकवरच म्हणाले, की हा मयताच्या दर्जाचा आहे. पाहुणे निघून गेले आणि सोबत लादीकाम करून देण्याचं आश्वासनही घेऊन गेले. तेव्हा अध्यक्ष लवू परब, म्हणजे आमचे लवूनाना, सरांच्या घरी जाऊन बजावून आले, की यंदा काही गडबड झाली तर पुढच्या वर्षापासून परीक्षक सातव्या मजल्यावरची रेवती. रेवती लोकांची घरं सजवते आणि निवडुंगापासून नारळापर्यंत प्रत्येक झाडाला क्यूट म्हणते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा गार झाल्याचं सांगितलं. पण यंदाच्या मेळाव्याला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एका बोगनवेलीला चक्क “बरी आहे” म्हणाले. आम्ही घाबरलो. खुर्चीसाठी माणूस कुठवर घसरतो ते दिसत होतं.

शेवटी लिली वर्ग आला. हा आमचा सगळ्यात खानदानी वर्ग, म्हणजे ज्यांच्या ग्रिलला ऊन येतं त्यांचा. टेबलावर पहिलं लवूनानांचं लाल अमरिलिस, ज्याला अध्यक्षपद आणि पहिलं बक्षीस दोन्ही वंशपरंपरेने मिळालेलं आहे. मग माझी स्पायडर लिली, एक फुटबॉल लिली, दोन रेन लिली. आणि रांगेच्या टोकाला तेलाच्या डब्यात एक लांब पोकळ हिरवा दांडा, त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा गोल गेंद. खाली चिठ्ठी: विनिता केळुसकर, बी विंग, लिली वर्ग.

विनिता बँकेत अधिकारी आहे आणि सरांची जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात असताना तिने परीक्षेत लिहिलं, की कांदा आणि अमरिलिस एकाच कुळातले. सरांनी त्यावर लाल रेघ मारून बाजूला लिहिलं, कांदा लिलीच्या कुळातला. तीन मार्क कापले, आणि त्याच तीन मार्कांनी तिचा फर्स्ट क्लास हुकला. तेव्हापासून ती बँकेत रमली, पण सर याच बिल्डिंगमध्ये राहायला आले हे सरांचं दुर्दैव. लिफ्टमध्ये गाठ पडली की ती तीन नंबरचं बटण उगाचच दाबायची.

हा कांदा तिने दोन महिने फ्रिजमध्ये ठेवला होता. त्याला थंडी पडली असं वाटावं म्हणून. मग ग्रिलमध्ये लावून फुलवला. इतकी सेवा तिने माझीही केली नाही, असं तिचा नवरा मेळाव्यात सगळ्यांना अभिमानाने सांगत होता.

सर डब्यापुढे थांबले. चष्मा वर गेला.

“हा डेंगळा आहे,” ते म्हणाले.

“हो सर. लिली वर्गात,” विनिता म्हणाली.

आता यातली गोम सांगतो. जुन्या शास्त्राचा नियम असा, की फळ होणारी गाठ पाकळ्यांच्या वर असेल तर फूल लिलीचं, पाकळ्यांच्या खाली असेल तर अमरिलिसचं. कांद्याची गाठ वर असते. म्हणजे जुन्या हिशोबाने कांदा लिली, आणि टेबलावरच्या बाकी साऱ्या ज्या लिली हे आडनाव लावून बसल्या होत्या, त्यांतली एकही लिली नाही. नवं शास्त्र म्हणावं, तर गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी झाडांच्या पेशींत लिहिलेला वारसा वाचून सगळ्या वंशावळीच उलटवल्या. कांदा, लसूण, अमरिलिस, स्पायडर लिली ही सगळी एकाच जुन्या पूर्वजाची लेकरं निघाली. खरी लिली भलत्याच घरची ठरली. निशिगंधाला तर अमरिलिसच्या घरातून उठवून शतावरीकडे नांदायला पाठवलं. थोडक्यात, जुन्या पुस्तकाने पाहिलं तर या टेबलावर कांदा तेवढाच राहतो, आणि नव्या पुस्तकाने पाहिलं तर सगळेच कांद्याचे भाऊबंद. कांदा उठवता येईल असं पुस्तकच नाही.

सरांना हे ठाऊक होतं, बरीच वर्षं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण बी विंगमधून मार्कांची मागणी आली असती.

तरी सुटका सोपी होती. डबा उचलायचा, पलीकडच्या भाजी वर्गात ठेवायचा, अमरिलिसला पहिला नंबर द्यायचा, की खुर्ची शाबूत. शास्त्र कळणारं तिथे विनिताशिवाय कोणी नव्हतं, आणि तिचं तोंड समोशाने बंद करता आलं असतं. सरांचा हात डब्याच्या कडीवर गेलासुद्धा.

तेवढ्यात लवूनाना मदतीला धावले. नाना मूळचे देवगडकडचे, प्रेमळ माणूस, आणि त्यांचा गैरसमजही प्रेमळच असतो.

“बरा करतास, सर,” ते म्हणाले. “शेवटाक कांदो तो कांदो. तेची जागा चुलीकडे. आमच्या रांगेत तेका कित्याक?”

सरांचा हात थांबला. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं. कांद्याबद्दल नव्हे.

त्यांनी कडी सोडली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माईक मागितला. मग जे झालं त्याला निकाल म्हणणं कठीण आहे. सरांनी जाहीर केलं, की या टेबलावर एकही लिली नाही, सगळे कांदे आहेत. त्यांतलं अध्यक्षांचं अमरिलिस हा बिनवासाचा, बिनकामाचा आणि वर विषारी कांदा आहे, त्याची भजी केली तर खाणाऱ्याला दवाखाना गाठावा लागेल. माझी स्पायडर लिली हा त्याच घराण्यातला केस विस्कटलेला चुलतभाऊ. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करून देवाला स्पायडर लिली वाहणाऱ्या लवूनानांच्या मंडळींनी हे ऐकून तिथेच हात जोडून देवाची माफी मागितली. पहिला नंबर डेंगळ्याला. कारण हा फुलतो, वासाने ओळख देतो आणि माणसाच्या पोटात जातो, बाकीचे नुसतेच फुलतात.

लवूनानांनी माईक परत घेतला आणि सरांच्या आजवरच्या सेवेबद्दल आभार मानले. आमच्याकडे माणसाला काढून टाकण्याची हीच रीत आहे. टाळ्याही वाजल्या. सरांनी छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला स्वतःच काढून रेवतीच्या हातात ठेवला आणि एवढंच सांगितलं, की क्यूट हे कूळ नाही.

गर्दी समोशांकडे वळली. विनिता बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून सरांपुढे उभी राहिली. चाळिशी-पन्नाशीची बाई, पण उभी होती बाकावर उभी केल्यासारखी.

“सर, आता ते तीन मार्क द्या.”

“कारण काय लिहिलं होतंस?”

तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. “दोघांनाही जमिनीत कांदा असतो म्हणून.”

“ट्युलिपलाही असतो, आणि तो लिलीकडचा,” सर म्हणाले. “कोरडे दिवस काढायला जो तो जमिनीत शिदोरी पुरतो. ही अक्कल वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी सुचलेली आहे. पोट सगळ्यांना असतं, म्हणून सगळे भाऊ होत नाहीत. दांड्याच्या टोकाला बघ. एकाच जागेतून निघालेली फुलांची छत्री, आणि तिच्या बुडाशी वाळका पापुद्रा. कांद्याला तोच, अमरिलिसला तोच. हे लिहायचं होतंस.”

“म्हणजे मी बरोबर होते ना?”

“उत्तर बरोबर होतं. कारण चूक. मार्क कारणाला असतात.”

तोवर सरांनी तेलाचा डबा उचलून काखेत धरला होता आणि वाकून मातीत बोट खुपसलं होतं.

“पाणी जास्त घालतेस. मुळं कुजतील. बी धरेपर्यंत हा माझ्या ग्रिलमध्ये राहील.”

आणि ते लिफ्टकडे चालू लागले. विनिता स्टीलचा डबा घेऊन त्यांच्या मागे गेली. लिफ्टचं दार बंद होताना मी पाहिलं, तीन नंबरचं बटण या वेळी सरांनी दाबलं.