गाठ कुणाकडची

आयुधपूजेचा, गाड्या-हत्यारं पुजायचा दिवस होता, आणि हिनकलला भावाच्या अंगणात आम्ही पाच जण होतो: आई, भाऊ, वहिनी, मानेतली गाठ काढून आलेली भाची आणि मी. धुतलेल्या स्कूटरसमोर कोहळा फोडून त्यावर कुंकू टाकलं होतं. तो कच्चा, ओलसर वास आला की अजून तीच दुपार आठवते. आई वहिनीकडे रोखून बघत म्हणाली, "आमच्यात कुणालाच गाठ नाही. तुझ्या माहेरी विचारून बघ की." वहिनी चाकांखाली लिंबं ठेवत राहिली. भाचीनंच रिपोर्ट उघडला. "अज्जी, या जनुकाच्या दोन प्रती असतात. आईकडून आलेली प्रत पेशी बंद ठेवतात, वडिलांकडचीच चालवतात. बिघडलेली प्रत तुम्हाला तुमच्या आईकडून आली असणार, अप्पांना तुमच्याकडून, म्हणून दोघंही ठणठणीत. मला मात्र अप्पांकडून आली." "अय्यो, रक्त बदललं असेल लॅबवाल्यांनी!" आई म्हणाली. भाऊ स्कूटर पुसतच राहिला. मग वहिनीनं पहिल्यांदा मान वर केली, ती माझ्याकडे. "वन्सं, तुम्हीही त्यांच्याच लेक." पुढच्याच आठवड्यात मी तपासून घेतलं, ती प्रत माझ्यातही निघाली. मुलाला माझ्याकडून आली असली तरी त्याच्यात ती बंदच राहील, पण त्याच्या मुलांना ती बापाकडून मिळू शकते, आणि मिळाली तर त्यांच्यात चालू राहील. आता सुनेला पाचवा महिना लागलाय. तपासून घे म्हटलं की मुलगा माझ्याकडे संशयानं बघतो, म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" आणि त्याचं रक्त तपासायचं अजून राहिलंच आहे.