बिनरंगाची घोडी

कुणीही दारातून आत आलं की महेशदादा आधी त्याचे कपडे बघायचा. "ये" नाही, "बस" नाही, चहा तर लांबच राहिला. डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "शर्ट हाय आपल्यात. पँट न्हाई." आपल्यात म्हणजे त्याच्या विटांच्या रंगांत. लहान पोरांचे खेळायचे प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, वर बटणं असलेले, एकमेकांत टक्कन बसणारे, तेच. फक्त याचे सगळे कम्प्युटरमध्ये. खरा ठोकळा त्याने कधी हातात धरला नव्हता. पण पडद्यावर आमचं अख्खं पिंपरी पेंढार गाव बांधलं होतं, अख्खं! कांद्याच्या चाळी, टोमॅटोचे क्रेट, देवळाचा कळस, आमच्या पत्र्यावरची पाण्याची टाकी, टाकीवरचा कावळासुद्धा.

मी शेजारची. पहिल्यांदा त्याच्या खोलीत गेले ती विरजण मागायला. पिवळा ड्रेस होता माझा. त्याने खाटेवरूनच बघितलं आणि ओरडला, "आई, भंडारा आला बघ घरात!" मी खोलीत पाऊल टाकलं ते विरजण विसरून संध्याकाळपर्यंत तिथंच.

दादा खाटेवर का, हे सांगायला आधी घाटाचं सांगावं लागेल. बाहेरच्या लोकांना घाट म्हणजे डोंगरातला रस्ता वाटतो. आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढ. गाडा सुटला की बैलांच्या पुढं एक घोडी धावते आणि बैल तिच्या मागं जीव तोडून पळतात. त्या घोडीवर दादा असायचा. अशी घोडी तालुक्यात नाही असं तोच म्हणायचा, पण बाकीचे कुणी नाही म्हणायचे नाहीत. एका यात्रेत माथ्यावर पोचता पोचता तो पडला. घोडीला खरचटलंसुद्धा नाही. दादाची कंबर गेली ती गेलीच. तो दवाखान्यात होता तेव्हाच त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, घोडी विकून टाकली. कुणाला विचारलं नाही. नंतर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि घाटाकडं फिरकलेही नाहीत.

मग दादाने विटा धरल्या. मला त्यानेच शिकवलं. "बांधणं सोपं हाय गं, कुणीबी बांधंल. रंग द्याया ती चीज वळखावी लागती." आधी ऊन कुठून येतंय ते ठरवायचं, मग रंग, मग रेंडर. रेंडर म्हणजे कम्प्युटर एकेक ठिपका घेऊन बसतो, त्याच्यावर ऊन किती, सावली किती, प्लास्टिक चमकतंय किती, आणि मग खऱ्यासारखं चित्र उमटतं. दिवस दिवस लागतो. एकदा देवळाचं चित्र होत आलं होतं आणि नंदाकाकूने, म्हणजे दादाच्या आईने, बटणच बंद केलं!

"आगं आई, काय केलंस हे!"

"भाजत व्हतं रे बिचारं. इहिरीवरची मोटार तापली का बंद करत न्हाई का आपण?"

दादा आधी कपाळावर हात मारून बसला, मग इतका हसला की खाट हलली. "आई, ती मोटार पाणी देती, ही ऊन देती. तापल्याबिगर ऊन येतंय व्हय कुठं?" तेव्हापासून मशीन घरघरायला लागलं की काकू लांबूनच विचारायची, "ऊन आलं का रे?"

सगळ्यात शेवटी त्याने घाट बांधायला घेतला. काय होता राव तो! बैल, गाडा, चढाच्या दोन्ही अंगाला माणसंच माणसं, प्रत्येकाच्या टोपीची सावली वेगळी. सगळं रंगवून झालं. एक घोडी सोडून. प्रोग्रॅम बिनरंगाच्या विटा करड्या दाखवतो, तशीच करडी घोडी त्या रंगीत गर्दीत सगळ्यांच्या पुढं पळत होती.

कारण तिचा रंग नक्की कुणाला आठवेना. फोटो ढीगभर होते, पण सगळे घाटातले, आणि घाटात भंडारा उधळलेला. शेपटीपासून कानापर्यंत घोडी हळदीची. काकू म्हणायची तांबडी, मी म्हणायचे तपकिरी. दादा म्हणायचा, "मी वर बसायचो गं. मला निस्ती आयाळ दिसायची. खरारा तात्या करायचे, तेच तिचं अंग घासायचे. त्यांनाच ठाऊक."

"मग विचार ना त्यांना."

"इचारून सांगितलं तर काय उपेग? त्यांनी आपणहून सांगावं."

मी म्हटलं, प्रोग्रॅममध्ये हवा तो रंग बनवता येतो, बनव की मनाचा. तेव्हा पहिल्यांदा आणि एकदाच तो माझ्यावर चिडला. ज्या रंगाची वीट बाजारात खरी मिळत नाही तो रंग पडद्यावर लावायचा नाही, हा त्याचा नियमच होता. "एक रंग मनाचा लावला तर मंग समदंच मनाचं. मंग मी खाटंवर बी न्हाई आन् घोडी इकली बी न्हाई!"

एकदा तात्या दुधाची किटली घेऊन दारात थबकले. पडद्याकडं बघत राहिले. म्हणाले, "करडी नव्हती ती."

दादा मानसुद्धा न वळवता म्हणाला, "मंग कशी व्हती?"

तात्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. आणि ते निघून गेले. दादाने पुन्हा माऊस धरला. "येतील," म्हणाला. "आज दारापातुर आले. येतील आत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याला ताप भरला. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या होत्या. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. जाताना गाडीत घालत होते तर मला म्हणतो, "तुझी ओढणी न्हाई आपल्यात." परत आणला तो पांढऱ्या कापडात गुंडाळूनच.

यात्रा आली तेव्हा पोरांनी घाटाच्या माथ्यावर त्याचा फ्लेक्स लावायचं ठरवलं, त्याचा फोटो आणि शेजारी त्यानेच बांधलेला घाट. चित्र मागायला माझ्याकडं आले. "ताई, घोडीला रंग मार की. अशी भुतावाणी दिसती." मी म्हटलं, नाही. तशीच छापा.

तशीच छापली. फ्लेक्स उभा राहिला, गाडे सुटायला लागले, भिर्रर्र करून माणसं ओरडायला लागली. आणि खालून, कडेकडेने, तात्या येताना दिसले. माणसं आपोआप बाजूला झाली. ते सरळ फ्लेक्सजवळ गेले. कुणाच्या तरी ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि त्या करड्या घोडीवर चोळायला लागले. मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून, खरारा करतात तसे लांब हात मारून. रंग फ्लेक्सवर बसेना, खाली गळत होता. ते पुन्हा मूठ भरत होते.

"अशी व्हती रं," दादाच्या फोटोकडं बघत म्हणाले. "पळताना अशीच व्हती. घरची मला आता आठवत न्हाई."

मी तशीच धावत दादाच्या खोलीत आले. पिवळा आहे आपल्यात, खरा मिळतो. घोडीला लावला. ऊन त्याने ठेवलं होतं तिथंच ठेवलं आणि रेंडर सुरू केला. मशीन घरघरायला लागलं. काकू आत आली, खाटेच्या कडेला टेकली. मशीनच्या डब्यावर हात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही.

"तापू दे," म्हणाली.