भिंतीपलीकडचं एकपांग

“आधी भांड्याजवळ उभी राहा, मग लिही.”

मायेन हे वाक्य मरेपर्यंत म्हणत राहिली. जेवणावर लिहायला शिकायचं म्हणून नायजेरियातल्या कालाबार गावातली जी जी पोरगी तिच्या ओट्यावर येऊन बसली, तिला तिनं हेच ऐकवलं, आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. लोक म्हणायचे, म्हातारी तुसडी आहे. तुसडी होतीच. पण हे वाक्य तिला फुकट मिळालेलं नव्हतं.

ऐन विशीत तिचं ओरोकशी लग्न ठरलं आणि आत्यानं, इन्यांगनं, तिला आत बसवलं. आत बसायचं म्हणजे न्कुहोच्या, लग्नाआधी नवरीला पोसायच्या, खोलीत राहायचं. खायचं, निजायचं, अंगाला पांढरी माती लावून घ्यायची, आणि जड, तुकतुकीत होऊन नवऱ्याच्या घरी जायचं. कामाला हात लावायचा नाही. चुलीकडे तर पाऊलही टाकायचं नाही. झळ लागली की कातडी करपते आणि सगळं केलं-सवरलं वाया जातं, असं आत्याचं म्हणणं.

मायेन त्याआधी शाळेत मुलांना शिकवायची. दिवसभर उभी असायची. आता तिच्यापुढे सकाळी मासे आणि उकडलेली केळी यायची, त्यावर कुटलेल्या कोनफळाचा गोळा आणि पालेभाजीचा रस्सा, आणि तो जिरायच्या आत पुढचं ताट. भूक ती विसरूनच गेली. झोप येत नसताना डोळे मिटून पडावं, तसं तिचं जेवणं झालं. खिडकीतून गल्लीचा एक तुकडा दिसे. दुसरी भिंत स्वयंपाकघराची. तिला कान लावून ती तासन्‌तास पडून राही. उखळाचा ठोका, सुकट भाजल्याचा वास, ओल्या पाल्याची चर्र. बाहेरचं जग तिच्यापर्यंत एवढंच यायचं.

मग ती लिहायला लागली. पहिलं लिहिलेलं तिनं न्कोयोला खिडकीतून दिलं. न्कोयो तिची मैत्रीण, गावातल्या साप्ताहिकात टाइपिस्ट होती. चविष्ट, रुचकर, अप्रतिम, असं ओळीनं लिहिलेलं.

“अगं, हे जेवण आहे का लग्नाचं आमंत्रण?” न्कोयो म्हणाली. “तोंडात काय झालं ते सांग ना. छान होतं हे माझी आजीपण सांगते, आणि तिला दातच नाहीत.”

मायेनला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ताट पुढे आल्यावर तिनं पहिला घास तोंडात तसाच धरून ठेवला. लाल पामतेल आधी ओठाला लागतं. मिरची उशिरा येते, घास खाली उतरून गेल्यावर मागून येते. गोळा चावायचा नसतो, तो घशाला नुसता घासून जातो. हे ती जन्मापासून खात होती, आणि आज प्रथम तिला कळत होतं. तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. न्कोयोनं ते संपादकाला दाखवलं आणि बायकांच्या पानावर मायेनच्या नावानं छापून आलं. मग दुसरं आलं. तिसरं आलं. ती स्वतः खोलीत, पण तिची जीभ गावभर फिरून येत होती.

ओरोकच्या आईनं निरोप धाडला. लग्न होईपर्यंत काय लिहायचं ते लिहा. त्यानंतर आमच्या सुनेनं काय खाल्लं, हे गावानं वाचायची गरज नाही.

मायेननं निरोप ऐकला. आणि मग तिनं एकपांगवर लिहिलं.

किसलेलं अळकुडं अळूच्या कोवळ्या पानांत बोटाएवढं गुंडाळायचं, खाडीतले शंख आणि सुकट घालून शिजवायचं. त्या दिवशी भिंतीपलीकडून वास आला, त्यामागून कालथ्याचा खडखडाट. आत्या भांडं कशी गोल गोल ढवळते, त्यावर मायेननं फार सुंदर लिहिलं.

पेपर निघाला त्या दिवशी आत्या बाजारात गेली आणि मासळी न घेताच परत आली. मासळीवालीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, इन्यांग, एकपांगची पेज कधीपासून करायला लागलीस? कच्च्या गुंडाळ्या ढवळल्या तर फुटून लगदा होतो, हे कालाबारमधल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं.

“मी एकपांग ढवळते?” आत्यानं दारातून विचारलं. आवाज चढवला नाही.

“आत्या, मला कालथा ऐकू आला.”

“ती शेजारच्या चुलीवर गड्यांची खिचडी होती.”

लिहू नकोस, असं आत्या म्हणाली नाही. चुकीचं छापलंस, आता बरोबर छाप, एवढंच तिचं मागणं. तिनं कृतीही सांगितली. भांड्याला आतून तेल चोळायचं, गुंडाळ्या रचायच्या, कडेनं गरम पाणी सोडायचं, आणि हात लावायचा नाही. कुठवर? होईस्तोवर. झालं हे कसं कळतं? कळतं.

मायेननं तसंच लिहून दिलं. न्कोयोनं ते परत आणलं. दवाखान्यातली पाटी वाचल्यासारखं वाटतंय, असं संपादक म्हणाले होते, आणि ते खरंच होतं. सगळं त्या ‘कळतं’मध्ये होतं, आणि ते भिंतीपलीकडे होतं. एकदा फक्त दारात उभी राहते, अशा विनवण्या ती आत्याला करत राहिली. आत्या म्हणाली, पुढच्या आठवड्यात बाहेर येशील, मग जन्मभर चूलच आहे. पण पुढच्या आठवड्यात लग्न, आणि लिहिणं संपणार होतं. तिच्या नावाचं शेवटचं लिखाण म्हणून ते खोटं एकपांग राहणार होतं, आणि आत्या मेल्यावरही बाजार हसणार होता.

ओरोकची आई सून बघायला आली तो दिवस. अंगणात तिला खुर्ची दिली, पुढ्यात माशाचं ताट वाढलं. तिच्या मानासाठी आत्यानं एकपांग मांडलं होतं. भिंतीपलीकडची किसणी थांबली. मायेन उठली. चौकट धरून तिला तोल सावरावा लागला, इतकी ती जड झाली होती. पांढऱ्या मातीनं माखलेली ती उन्हात आली, आणि उन्हानं तिचे डोळे मिटले.

“ही कुठं निघाली?” ओरोकच्या आईनं विचारलं.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत तेलानं लाल होते. “मायेन, आत जा.”

“आत्या, पाणी सोडलंस?”

आत्यानं खुर्चीकडे पाहिलं. मग भांड्याकडे.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

धुरात मायेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. पाणी कडेनं गेलं. पानांचा हिरवा रंग मावळला. गुंडाळ्या आधी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, मग आवळल्या आणि हळूहळू सुट्या झाल्या, त्यांच्यामधल्या फटींतून तेल वर आलं. बुडबुड्यांचा आवाज जाड होता, तो बारीक झाला. आत्यानं तेव्हाच कालथा उचलला.

आपण आपल्या मुलासाठी दुसरीकडे बघू, असं ओरोकची आई बाहेर स्पष्ट म्हणाली. ते दोघींनीही ऐकलं.

मायेन फाटकातून बाहेर पडली. अंगावरच्या मातीला भेगा गेल्या होत्या, कपाळावर काजळी होती. साप्ताहिकाच्या छापखान्याच्या रस्त्यानं ती निघाली. चार पावलांवर थांबत होती, दम खात होती, पुन्हा चालत होती. आत्या फाटकाशी उभी राहून बघत होती. ओरोकची आई खुर्चीतून उठली नव्हती. ताट तसंच होतं, आणि तीही बघत होती.