डोंगरकाकांचा कान

आयुष्यात एकही टेकडी न चढलेल्या माणसाला सगळं खातं डोंगरकाका म्हणायचं, कारण त्यांनी संगणकात डोंगर उभे केले होते. संरक्षण संशोधनाच्या त्या संस्थेत एक पेटी बनत होती. ती सैनिकाचं बोलणं पिळून त्यातलं कामापुरतं ठेवायची, त्याला कुलूप घालायची आणि वायरलेसवरून पाठवायची. पलीकडची पेटी कुलूप उघडून उरल्यासुरल्यातून आवाज पुन्हा जुळवायची. ही पेटी खऱ्या डोंगरात नेण्याआधी काकांच्या खोट्या डोंगरांतून जायची. मध्ये कडा घाला, पाऊस पाडा, शत्रूचा गोंगाट मिसळा आणि पलीकडे शब्द कळतो का ते बघा. असा हवा तेव्हा पाऊस पाडणारा माणूस घरी मात्र दूध उतू जाईपर्यंत गॅसपाशी नुसता उभा राहायचा.

सुरुवातीच्या पेट्या बायकांच्या आवाजाला अडखळायच्या. साहेब म्हणाले, घरून कुणाला तरी आणा. काकांनी बायकोला आणलं. गाद्या ठोकलेल्या बंद खोलीत बसून तिने कागदावरची कोरडी वाक्यं वाचली: पुलापाशी दोन गाड्या थांबल्या आहेत, पाण्याची टाकी डावीकडे आहे. काचेपलीकडे काका कानाला हेडफोन लावून परीक्षकासारखा चेहरा करून बसलेले. ते बघून तिला राहवेना.

"घरात माझं एक वाक्य ऐकत नाही तुम्ही," ती म्हणाली, "आणि इथे ऐकायचा पगार घेता."

आणि टाकीचं वाक्य वाचता वाचता शेवटी फसकन हसली. काका पुन्हा वाचायला लावणार होते. साहेबांनीच अडवलं. राहू दे ते हसू, म्हणाले, जवानही हसतात.

पुढच्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता हातची गेली. मुलगी तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. घरात बायकोचे फोटो राहिले, कपडे राहिले, कंगव्यात केससुद्धा राहिले. आवाज तेवढा कुठे नव्हता. तो संस्थेत होता, कडीकुलपात. मूळ रेकॉर्डिंग त्या खोलीबाहेर काढायचं नाही, पेटीतून गेलेलंच काय ते चाचणीला वाजवायचं, असा नियम होता, आणि काका नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. पण नवी पेटी आली की बायकोचीच वाक्यं तिच्यातून जायची. मेलेली माणसं इतरांच्या स्वप्नात येतात. काकांची बायको कामाच्या टेबलावर यायची, कधी पावसातून, कधी कड्याआडून. माणसाने कामावर जायची एवढी घाई करावी, याचं खात्यात सगळ्यांना कौतुक होतं. कारण कुणाला माहीत नव्हतं, आणि काकांनी ते सांगितलं नाही.

मुलगी लहानपणी विचारायची, आईचा आवाज कसा होता? जन्मभर आवाज मोजणारा हा माणूस म्हणायचा, गोड होता. त्यापुढे त्यांची गाडी जायची नाही. पुढे तिने विचारणं सोडून दिलं, आणि ते काकांना जास्त लागलं.

निवृत्ती तोंडावर आली. संस्थेने नव्या आवाजांची रेकॉर्डिंग केली; जुनी पुसून टाकायची ठरली. त्याआधी जुन्या आवाजांची एक शेवटची चाचणी उरली होती. चाचणीला कान नवखा लागतो. ओळखीचा कान खोटं बोलतो, शब्द तुटला तरी मन तो सांधून घेतं, हे काका प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचे. म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं, पोलीस चौकशी करून, ऐकायला बोलवत. काकांनी मुलीचं नाव दिलं. आवाज कुणाचा हे ऐकणाऱ्याला आधी सांगायचं नसतं. चाचणी झाल्यावर सांगायची परवानगी त्यांनी साहेबांकडून घेऊन ठेवली होती.

तिच्यासाठी त्यांनी पाऊस ठेवला नाही, कडा ठेवला नाही, गोंगाट ठेवला नाही. फक्त पेटी. आदल्या दिवशी स्वतः ऐकून पाहिलं. अगदी तीच होती, हसण्यासकट. त्या रात्री काकांना झोप लागली नाही, पण ते जागरण आनंदाचं होतं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाइकं फळ्यावरची अक्षरं अंदाजाने ठोकून देतात, याचा तिला भारी राग. तेव्हा ती इथे मन लावून बसली, जे ऐकू आलं तेच लिहीत. काचेपलीकडून काका तिच्याकडे बघत होते. टाकीचं वाक्य आलं. तिच्या कपाळाला आठी पडली, तिने काहीतरी लिहिलं आणि पुढचं वाक्य ऐकायला लागली.

फाटकाबाहेरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. इतकी वर्षं जपलेलं एक वाक्य काकांच्या अगदी ओठांवर होतं. त्यांनी आधी विचारलं, कसं वाटलं?

"शब्द सगळे कळले," मुलगी म्हणाली. "पण बाबा, ते यंत्र होतं ना? माणूस असं बोलत नाही. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटत होतं."

काकांचा कप हातातच राहिला. पोरांना शिकवलेला धडा स्वतःला लावायचा राहून गेला होता. इतकी वर्षं टेबलावर पत्राच वाजत होता, आणि त्यात बायको भरत होता तो त्यांचा कान. आता खरं सांगितलं, तर पोरीला जन्मभर आई म्हणून तो डबा आठवणार. त्यापेक्षा तिच्याकडे काही नसलेलं बरं. काकांना फार वाईट वाटलं. बायको गेली त्या दिवशी वाटलं होतं, तितकंच.

"हो," ते म्हणाले. "यंत्रच."

"तरीच. आणि त्या टाकीच्या वाक्यानंतर केवढी खरखर आहे! बिघाड म्हणून लिहिलाय मी. तेवढी काढायला सांगा त्यांना."

"उद्या सगळंच काढणार आहेत," काका म्हणाले, आणि निवलेला चहा पिऊन टाकला.